अर्जावरचा पत्ता

माझा मावसभाऊ चौथ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला तेव्हा सोबत मी गेलो होतो. केंद्र कुठलं ते महत्त्वाचं नाही. टेबलावर छापील अर्ज होता. नाव, पत्ता, वय, शिक्षण, नोकरी, पगार. मग दारू कधीपासून, रोज किती, देशी की इंग्लिश, सकाळी उठल्या उठल्या लागते का, हात थरथरतात का, फिट आली होती का, याआधी कुठे दाखल होता. भाऊ सराईतासारखी उत्तरं देत होता. चौथी खेप, प्रश्न पाठ झालेले. मावशी बाजूच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. अर्ज भरणाऱ्या मुलाला तिने मध्येच विचारलं, "बाळा, एक सांग. कारखान्यातली ह्याची सगळी दोस्तमंडळी प्यायची. लग्नं झाली, पोरं झाली, एकेकाने सोडली. काही अजून पितात, पण सणावाराला. ह्यालाच का सुटत नाही?" मुलगा बिचारा विशीतला. "आजार आहे हो आजी," म्हणाला आणि पुढच्या रकान्याकडे वळला.

मावशी चौथी शिकलेली, पण तिच्या प्रश्नातला भेद आपल्या सभा-परिसंवादांत हरवतो. दारू का लागते, हा एक प्रश्न. लागलेली का सुटत नाही, हा दुसरा. पहिल्याची उत्तरं आपल्याकडे ढिगाने आहेत: संगत, चैन, टेन्शन, बेकारी, गल्लीच्या तोंडाशी असलेलं दुकान, आता मोबाइल. ती खोटी नाहीत. पण मावशीला त्यातलं एकही पुरत नाही, कारण संगत, दुकान आणि टेन्शन त्या सगळ्या दोस्तांना सारखंच होतं.

माझं म्हणणं असं की या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा माणसाच्या लहानपणात असतं. सगळ्यांच्या बाबतीत नाही. पण इतक्या जणांच्या बाबतीत असतं, की अर्जावर ते विचारलंच जात नसेल तर त्याला हेळसांड म्हणावं लागेल. दुसरी एक हेळसांड याहून मोठी आहे. तिच्याकडे नंतर येतो.

आधी एक जुनी गोष्ट. १९७१ च्या सुमारास अमेरिकेची झोप उडाली होती, कारण व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या त्यांच्या पोरांत हेरॉइन पसरलं होतं. ही पोरं गावोगावी परतली की काय होणार, ही धास्ती. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्यांचा पाठपुरावा केला. तिथे असताना पाचातला जवळपास एक जण व्यसनाधीन झालेला होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षभरात त्यांच्यातले शेकडा पाचाच्या आसपासच पुन्हा अडकले. बाकीचे बहुतेक फारसे उपचार न घेता मोकळे झाले. हेरॉइनसारखं हेरॉइन, आणि सुटलं! 'एकदा ओढली की माणूस संपला' हे आपण शाळाशाळांतून पोस्टरवर लिहितो, ते एवढं सरळ नाही. बहुतेकांची सुटते. युद्ध संपलं, माणूस घरी आला, गरज संपली. मग ज्याचं युद्ध घरातच झालं, त्याने परतायचं कुठे?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. अमेरिकेतच २००१-०२ मध्ये प्रौढांची एक मोठी देशव्यापी पाहणी झाली आणि तीन वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं गेलं. दुसऱ्या फेरीत ३४ हजारांवर माणसं सापडली. पहिल्या फेरीत जे दारूच्या किंवा तंबाखूच्या आहारी गेलेले होते, त्यांच्यातले कोण तीन वर्षांनीही तिथेच आहेत, हे त्यातून तपासता आलं. लहानपणी छळ किंवा हेळसांड सोसलेल्यांचं व्यसन टिकून राहण्याची शक्यता जास्त निघाली. लागण्याची नव्हे, टिकण्याची. मावशीच्या प्रश्नाला एवढ्या सरळ भिडलेलं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

या विषयाला ज्यांनी तोंड फोडलं ते मात्र दारूच्या वाटेने आलेच नव्हते. व्हिन्सेंट फेलिटी हे डॉक्टर १९८० च्या दशकात सॅन दिएगोमध्ये लठ्ठपणावर उपचार करायचे. उपचार लागू पडत होते, आणि नेमकी ज्यांची वजनं झपाट्याने उतरत होती तीच माणसं मध्येच सोडून जात होती. फेलिटींनी त्यांना बोलतं केलं, तेव्हा एकामागून एक लहानपणच्या लैंगिक अत्याचारांच्या हकिकती निघाल्या. जाड शरीर ही तटबंदी होती, ती कोसळायला लागली की भीती वाटायची. डॉक्टर ज्याला रोग म्हणत होते, तो रुग्णाने स्वतःपुरता शोधलेला उपाय होता.

पुढे रॉबर्ट आन्डा यांच्यासोबत फेलिटींनी १७ हजारांवर माणसांना लहानपणाविषयी विचारलं. त्यातल्या साडेनऊ हजारांवर आधारलेला पहिला निबंध १९९८ साली आला. प्रश्न सात प्रकारच्या अनुभवांचे होते: मारहाण, सततचा अपमान, लैंगिक अत्याचार, आईला मार बसताना पाहणं, घरात व्यसनी माणूस असणं, घरात मानसिक आजार किंवा आत्महत्येचा प्रयत्न, घरातलं कुणी तुरुंगात जाणं. उत्तरं देणारी माणसं झोपडपट्टीतली नव्हती. आरोग्यविमा असलेली, बहुतेक गोरी, बरीचशी कॉलेजची पायरी चढलेली मध्यमवर्गीय माणसं होती ती. आपल्याकडे 'हे खालच्या वस्त्यांत चालतं' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

या सातांपैकी एकही अनुभव नसलेल्यांत स्वतःला दारुडा म्हणवणारे शेकडा ३ सुद्धा भरले नाहीत. चार किंवा अधिक अनुभव असलेल्यांत ते शेकडा १६ होते. वय, शिक्षण वगैरेंचा हिशेब लावून तुलना केली तर दारूच्या बाबतीत फरक सातपटींचा, आणि सुईने नशा करण्याच्या बाबतीत दहापटींचा.

आता हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचा. चार-चार घाव सोसलेल्यांतले शेकडा ८४ दारुडे झाले नाहीत. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो, कारण 'लहानपणी मार खाल्ला म्हणजे मोठेपणी पिणारच' असा नवा पत्रिकेतला मंगळ तयार व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही. मुलीचं स्थळ बघताना लोक तेही विचारायला लागतील.

दुसरी शंका जास्त टोकदार आहे आणि ती मला स्वतःलाही होती. पिणारा माणूस कारण शोधतच असतो. बायको, साहेब, नशीब, आणि आता बाप. मोठेपणी विचारल्यावर आठवलेल्या लहानपणावर विश्वास किती ठेवायचा? कॅथी स्पॅट्झ विडम यांनी म्हणून उलट्या टोकाने सुरुवात केली. १९६७ ते १९७१ या काळात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात ज्यांच्या छळाची वा हेळसांडीची कोर्टात नोंद झाली होती अशी नऊशेवर मुलं त्यांनी घेतली, त्यांच्याच वयाची आणि तशाच घरांतली पण नोंद नसलेली दुसरी मुलं घेतली, आणि दोन्ही गट वाढत गेले तसे त्यांच्या मागे राहिल्या. ही मुलं तिशीच्या उंबरठ्यावर आली तेव्हा नशेच्या व्यसनाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं! मात्र त्याच माणसांना 'लहानपणी तुमचा छळ झाला का' असं तोंडी विचारलं, तर हो म्हणणाऱ्यांत व्यसन जास्त दिसलं. १९९९ साली हे छापून आलं. पुष्कळांनी त्यावरून असा अर्थ काढला की सगळा आठवणींचा खेळ आहे.

पण विडम तिथे थांबल्या नाहीत. तीच माणसं चाळिशीला आली तेव्हा त्यांनी पुन्हा पाहिलं. आता नोंद झालेल्या गटात गेल्या वर्षभरात नशा केलेले दीडपट होते, आणि नशेपायी होणारी परवडही त्यांच्यात जास्त होती. मी संशोधक नाही, मास्तर आहे. तरी मला यात मावशीचा प्रश्न दिसतो. विशीत सगळेच करतात. कॉलेज, होस्टेल, कारखान्याचं गेट, लग्नाची वरात. त्या गर्दीत कोण मजा करतंय आणि कोण जखम बांधतंय हे ओळखू येत नाही. चाळिशीपर्यंत बाकीचे आपापल्या घरी गेलेले असतात. मागे कोण उरलं, हे तेव्हा दिसतं.

आठवणींचा मुद्दा तरीही उरतो, आणि तो झटकून चालणार नाही. अशा १६ अभ्यासांतल्या २५ हजारांवर माणसांची माहिती २०१९ मध्ये एकत्र तपासली गेली. ज्यांच्या छळाची लहानपणीच नोंद होती, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांनी मोठेपणी तसं काही घडल्याचं सांगितलं नाही. आणि मोठेपणी सांगणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिकांची जुनी नोंद सापडली नाही. म्हणजे नोंदीतली मुलं आणि आठवणीतली मुलं, बरीचशी वेगळीच आहेत. याचा एक अर्थ असा की अर्जात एक रकाना वाढवून 'लहानपणी छळ: होय/नाही' एवढं विचारून काही साधणार नाही. माणूस 'नाही' म्हणेल. माझा भाऊही तीन वेळा हेच म्हणाला असता.

अनुवंशाचं काय, हेही कुणी विचारेल. बाप दारुडा, तर रक्तातच आलं असेल. काही अंशी येतंच. म्हणून व्हर्जिनियातल्या जुळ्या बहिणींचा अभ्यास मला मोलाचा वाटतो. तो २००० साली प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकीवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेला आणि दुसरीवर नाही, अशा जोड्यांत जिच्यावर झाला तिला मोठेपणी दारूचा किंवा नशेचा धोका जास्त होता. आईबाप तेच, घर तेच.

आता भावाकडे येतो. चौथी खेप वाया गेली. पाचव्या वेळी केंद्र दुसरं होतं. तिथे तिसऱ्या आठवड्यात, हातांची थरथर थांबल्यावर, समुपदेशक मुलीने त्याला छळ, अत्याचार असे शब्द न वापरता विचारलं, "लहानपणी दिवेलागणीला तुमच्या घरी काय चालायचं?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सायकल."

काका, म्हणजे त्याचे वडील, साखर कारखान्यात फिटर होते. हाताला कसब, गावात मान. रात्री घरी आले की सायकल ओट्याशी लावायचे. स्टँड एका दमात लागला तर सगळ्यांनी जेवायला बसायचं. दोनदा निसटला तर पोराने माळ्यावर जायचं, आणि आईने भांडी आवरायची, म्हणजे फेकायला हाताशी काही राहू नये. आठव्या-नवव्या वर्षी हा मुलगा आवाजावरून बापाने किती घेतली आहे ते सांगू शकत होता. मी त्याच घरी सुट्टीत राहायला जायचो. मला सायकलचा आवाज कधी ऐकू आला नाही, कारण मला ऐकायची गरज नव्हती.

शरीरात काय होतं ते आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. धोका दिसला की शरीर कॉर्टिसोल वगैरे रसायनं सोडतं, धोका टळला की ती उतरतात. रोज रात्री धोका येत असेल आणि कधी येईल ते सांगता येत नसेल, तर ती यंत्रणा उतरायचं विसरते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की आईने भरपूर चाटलेली, गोंजारलेली पिल्लं मोठेपणी ताण लवकर झटकतात, आणि हा फरक जनुकांच्या चालू-बंद होण्यापर्यंत पोचतो. त्याच गटाने २००९ मध्ये आत्महत्या केलेल्या माणसांचे मेंदू तपासले. लहानपणी छळ झालेल्यांच्या मेंदूत तशाच खुणा आढळल्या. त्याहून जुना एक प्रयोग याक पँकसेप यांचा आहे. आईपासून वेगळं केलेलं पिल्लू आक्रोश करतं. त्याला अफूच्या जातीचं औषध अगदी थोडं दिलं की आक्रोश थांबतो. आईची कूस आणि अफू मेंदूच्या एकाच दारावर थाप मारतात.

भावाला त्या मुलीने पुढे विचारलं, की पहिल्यांदा प्यायलात तेव्हा कसं वाटलं. दोस्तांपैकी कुणालाही विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, मजा आली, किंवा उलटी झाली. हा म्हणाला, "सतराव्या वर्षी, गेटबाहेर, क्वार्टर. कान बंद झाले. पहिल्यांदा."

सतरावं वर्ष हेही सोडून देण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या अभ्यासात पंधराव्या वर्षाच्या आत प्यायला लागलेल्यांतले शेकडा ४० हून अधिक जण आयुष्यात कधीतरी दारूच्या आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण शेकडा १० च्या आसपास होतं. घरात जीव घाबरणारं पोर लवकर बाहेर पडतं, आणि लवकर बाहेर पडणाऱ्याला लवकर बाटली भेटते.

आपल्याकडे हे पोर किती घरांत आहे? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांत १२ हजारांवर मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. दर तीन मुलांतल्या दोघांनी शारीरिक मारहाण सांगितली. घरात मार खाणाऱ्यांपैकी जवळपास ८९ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. व्यसनमुक्ती केंद्रांचे वॉर्ड पुरुषांनी भरलेले असतात, आणि 'माझ्यावर लहानपणी असं झालं' हे वाक्य मराठी पुरुषाच्या तोंडून तुम्ही किती वेळा ऐकलं आहे?

मारण्याबद्दल मला फार बोलायचा अधिकार नाही. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षं फूटपट्टी धारेवर धरून मारली. पालक स्वतः येऊन सांगायचे, "गुरुजी, कातडं तुमचं, हाडं आमची." शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २००९ मध्ये हे बेकायदा ठरवलं. मी त्याच्या आधी थांबलो होतो, पण कायद्याच्या किंवा करुणेच्या जाणिवेने नव्हे. एका मुलाने मी नुसता खडू उचलायला हात वर केला तेव्हा डोकं दोन्ही हातांनी झाकलं. त्याला मी कधीच मारलेलं नव्हतं. ती सवय तो घरून घेऊन आला होता.

एक चापट आणि दहा वर्षांची दहशत एकाच तागडीत घालावी असं मी म्हणत नाही. पण 'आम्हाला बापाने पट्ट्याने फोडलं म्हणून आम्ही माणसात आलो' असं सांगणाऱ्यांना एक विनंती आहे. आपल्यासोबत तसाच पट्टा खाल्लेले बाकीचे कुठे आहेत, याचीही चौकशी करावी. माणसात आलेलेच तेवढे ओट्यावर बसून बोलायला उरतात.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे. महाराष्ट्रात दारू म्हटलं की चर्चा बाटलीची होते. गावातलं दुकान राहावं की जावं यावर मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते, आणि बाया आडवीवर शिक्का मारतात. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आली, २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात महसूल, चोरटी दारू, गुन्हे, हॉटेलवाल्यांचं नुकसान, सगळ्यावर वाद झडले. बंदीवाले आणि बंदीविरोधक दोघांच्याही बोलण्यात मूल आलं ते 'पोराबाळांची आबाळ' एवढ्याच शब्दांत. मी आडव्या बाटलीच्या विरोधात नाही. रात्रीचा मार चार घरांत जरी कमी झाला तरी त्या बायांनी शिक्का बरोबर जागी मारला. पण दुकान आडवं केलं की आपलं काम झालं, असं सरकारला वाटतं. ज्याच्या कानात सायकल वाजते तो दहा कोस जाऊन पिऊन येतो, आणि पैसे नसले तर आणखी काही शोधतो. मग नशेची गोळी घेतो. मालेगावकडे तिला कुत्ता गोळी म्हणतात.

गंमत म्हणजे उत्तराचा दुसरा अर्धा भागही महाराष्ट्रातच तयार झालेला आहे, आणि तोही त्याच मुलखात. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. तिच्यामागच्या चळवळीत पुढे असलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत साध्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला पाठवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि पुढे तीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. आज बाळंतपणानंतर ४२ दिवसांत आशाताई घरी सहा-सात खेपा घालते. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यालाही जाते. म्हणजे ज्या दाराआड आपल्याला बघायचं आहे त्या दारातून सरकारचं माणूस आधीच आत जातं. वजन करतं, लसीचं विचारतं, आयर्नचं औषध देतं, परत येतं.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी १९७० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ओल्ड्स यांनी असंच केलं होतं. पहिलटकरणींच्या घरी, गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत, नर्स जायची. बाळाच्या वजनासोबत आईच्या मनाचं, नवऱ्याच्या वागण्याचं, रडणारं पोर कसं शांत करायचं याचं बोलणं व्हायचं. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या घरांत मुलांच्या छळाच्या नोंदी जवळपास निम्म्यावर आल्या होत्या, आणि त्यातल्या सर्वांत नडलेल्या, एकट्या आयांची पंधरा वर्षांची पोरं इतरांपेक्षा कमी सिगारेटी ओढत होती, कमी दिवस पीत होती. नर्सनी त्या पोरांना दारूविरुद्ध एक शब्दही सांगितला नव्हता.

आशाताईच्या पाठीवर आणखी एक ओझं, तेही तुटपुंज्या मानधनात, हे मलाही पटत नाही. मोर्चे काढून मिळवलेल्या वाढीवर हे काम फुकट लादू नये. पैसे द्यावेत, शिकवावं, आणि तिने ओळखलेल्या घरासाठी पुढे कुणीतरी असावं. पैसा कुठून, असं विचारणाऱ्यांना दारूवरच्या करातून राज्याला काय मिळतं हे ठाऊक असतं.

उपचाराबद्दल थोडक्यात. २०१९ साली जाहीर झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसले तरी उपचार मिळतात, आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० तल्या एकाला. तेव्हा 'सगळ्यांना मानसोपचारतज्ज्ञ' ही भाषा बोलण्यात अर्थ नाही. पण गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या, थोडं शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून पिणाऱ्यांशी चार गोष्टी नीट बोलून घेतल्या गेल्या, आणि तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं. नेहमीच्या उपचारांत हे २६ टक्के होतं. हे २०१७ मध्ये छापून आलेलं आहे. नीट विचारायला शिकवलेलं साधं माणूस पुरतं, फक्त विचारायचं कधी आणि कसं ते कळलं पाहिजे. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, अंगाला घाम सुटलेला असताना, जुनी जखम उघडणं हा निर्दयपणा आहे. ज्या केंद्रात ती उघडल्यावर बांधणारं कुणी नाही, तिथे विचारूच नये.

'म्हणजे पिणाऱ्याची जबाबदारी संपली?' असं भावाची बायको मला विचारते, आणि तिला तो अधिकार आहे. जबाबदारी संपत नाही. काकांच्या लहानपणी काय झालं होतं ते मला माहीत नाही. काही झालं असलं तरी त्यांनी फेकलेली भांडी मावशीने झेललीच. कारण कळणं म्हणजे माफी नव्हे. उलट, मला तर असं दिसलं की सायकलबद्दल बोलल्यानंतरच भावाने पहिल्यांदा 'मी माझ्या घरात काय केलं' हे वाक्य पुरं केलं. आधीच्या चार खेपांत तो माफी मागायचा ती पाठ केलेली असायची.

दुसरी भीती अशी की हे सगळं खापर शेवटी आईवर फुटेल. 'आईने लक्ष दिलं नाही' हे आपल्याकडे सर्वांत सोपं निदान आहे. फेलिटींच्या सातांत 'आईला मार बसताना पाहणं' हा वेगळा घाव धरला होता, हे म्हणून विसरू नये. बाईला वाचवणं आणि मुलाला वाचवणं ही दोन खाती सरकारने वेगळ्या टेबलांवर ठेवली आहेत. घरात ती एकाच माळ्याखाली असतात.

आता ती मोठी हेळसांड. मुलांच्या छळाच्या बाबतीत सगळ्यात अवघड काम असतं ते घर शोधण्याचं. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करणारा शेजारी क्वचित सापडतो, पोलिसाच्या दारात नातेवाईक जात नाही, मूल तर बोलतच नाही. आणि इकडे राज्यातल्या प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्रात एक रजिस्टर असतं. त्यात नाव, पत्ता, मुलं किती, त्यांची वयं, सगळं लिहिलेलं असतं. बापाच्या दारूचं वर्षवार मोजमाप त्याच पानावर असतं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत याच केंद्रात यायची शक्यता ज्यांची सर्वांत जास्त, त्या मुलांची यादी आपण आजच्या तारखेने, बापाच्या सहीने, जपून कपाटात ठेवतो आणि तिचं काहीही करत नाही. बायकांसाठी काही केंद्रांत गट चालतात, आणि ते चांगलेच आहेत. मुलांसाठी बहुतेक ठिकाणी भेटीच्या दिवशी बागेतला झोपाळा असतो. पोलीस पाठवा असं माझं म्हणणं नाही. पोलीस येणार म्हटलं तर दाखल व्हायलाच कुणी येणार नाही. बाप आत असतो त्या दीड-दोन महिन्यांत घरी शांतता असते. त्या शांततेत, आईच्या परवानगीने, आठवड्यातून एकदा कुणी त्या मुलासोबत तास-दीड तास बसावं, त्याला सांगावं की हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि बाप परत आल्यावर पुन्हा बिघडलं तर रात्री कुणाच्या घरी जायचं ते ठरवून द्यावं. अनुदानाच्या अटींत हे काम घाला आणि त्याचे पैसे द्या, एवढीच मागणी आहे. औषधांपेक्षा ते महाग पडणार नाही.

भावाला आता अकरा महिने झाले. मी आकडा मोजत नाही, मावशी मोजते. सायकलच्या जागी स्कूटर आहे. तो कामावरून सातच्या सुमारास येतो. परवा मी तिथे बसलो होतो, त्याचा मुलगा समोर भूमितीच्या आकृत्या काढत होता. दहावीचं वर्ष. बाहेर स्कूटर थांबली तशी कंपासची टोकं कागदावर तशीच टेकून राहिली. स्टँड एका दमात लागला. मग त्याने वर्तुळ पुरं केलं.